हंबीररावांचा पॉज

नऊ वर्षं मी दुष्टपणा केला. आठवड्यातून सहा दिवस, रोज रात्री साडेआठला, आणि महाराष्ट्रानं तो जेवता जेवता बघितला. ‘डफळ्यांची सून’ या मालिकेत मी सासरा होतो, हंबीरराव डफळे. सुनेला कोठीच्या खोलीत कोंडणारा, सख्ख्या भावाच्या औषधाच्या बाटल्या बदलणारा आणि हे सगळं करताना समोरच्याला ‘बाळ’ म्हणणारा. आमच्या सांगलीच्या मंडईत एका बाईनं मला मेथी द्यायला चक्क नकार दिला होता. ‘आधी त्या पोरीला सोड, मग मेथी माग,’ म्हणाली. न मिळालेल्या त्या जुडीवर मी वीस वर्षं मिरवलो.

हंबीररावांची खरी कमाई म्हणजे त्यांचा पॉज. धमकी अर्ध्यावर आली की ते थांबायचे. सोनेरी काड्यांचा चष्मा काढायचे, उपरण्याच्या टोकानं सावकाश पुसायचे, काचा उजेडाकडे धरून बघायचे आणि मग हळू आवाजात एकच वाक्य टाकायचे. तेवढ्या वेळात घराघरांतले घास थांबायचे म्हणे. त्या पॉजवर लोकांनी लेख लिहिले, नाट्यशिबिरात मला त्यावर बोलायला बोलावलं. मी काय वाटेल ते बोललो. खरं कारण मात्र कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ‘पात्रघर’ नावाच्या कंपनीची माणसं आली. जुन्या मालिकांमधली गाजलेली पुरुषपात्रं त्यांना लोकांच्या भिंतींवरच्या पडद्यांत पुन्हा जिवंत करायची होती. मी सही केली. सत्तरीच्या नटाला कोणी विचारतंय यातच मी फुगलो होतो, कागद वाचतोय कोण. त्यांना मालिकेचे तयार भाग नको होते. त्यात माझ्या प्रत्येक वाक्याखाली ढोल आणि व्हायोलिनं वाजत होती, आणि अशा आवाजावरून यंत्र काही शिकत नाही. त्यांना सेटवरचा कच्चा आवाज हवा होता. माझ्या जाकिटाला लावलेल्या छोट्या माइकनं टिपलेला नऊ वर्षांचा आवाज निर्मात्याच्या गोदामात तसाच पडून होता. तो सगळाच्या सगळा त्यांनी कच्च्या चित्रणाशी जुळवून यंत्राला ऐकवला.

हे यंत्र कसं चालतं ते मला नंतर कळलं. काळजाचा ठोका पडला की चेहऱ्याकडे रक्त जातं आणि कातडी किंचित लाल होते. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, पडद्यावरच्या कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून तो ठोके मोजतो, खांद्यांच्या हालचालीवरून श्वास मोजतो. पात्र एक वाक्य बोलतं आणि समोरच्याचे ठोके वाढले का बघतं. वाढले नाहीत तर दुसरं वाक्य काढतं. वाढले की ते वाक्य लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करतं. महिनाभरात त्या माणसाला नेमकं काय झोंबतं ते त्याला पाठ होतं. प्रेमळ नायकही याच यंत्रातून निघतात, फक्त त्यांचा काटा उलटा फिरवलेला असतो. समोरच्याचे ठोके जे वाक्य खाली आणेल ते बोलायचं. आमच्या मालिकेतला मुलायम डॉक्टर शंतनू आता निम्म्या महाराष्ट्रातल्या बायकांचं ऐकून घेतो. सेटवर त्याच्या नटानं चहा आणणाऱ्याला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

आणि हंबीररावांना घरात कोण घेतं? मला वाटलं होतं, जुने प्रेक्षक गंमत म्हणून घेतील. घेतलं ते आईबापांनी, पोरांना धाक म्हणून.

मला हे कळलं ते माझ्याच मुलाच्या घरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून कौस्तुभनं मला महिनाभरासाठी नाशिकला आणलं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, सांगलीत डोळ्यांत थेंब घालायलाही कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर मी आलो ते शाल्मलीसाठी. माझी नात, सहा वर्षांची. तिला मी बाळपणी दोनदा पाहिलं होतं. तिच्यासाठी मी सांगलीहून भडंगाचा डबा आणला होता, तिखट वेगळं काढून.

दार उघडलं, मी चष्म्यातून खाली बघितलं आणि म्हणालो, ‘‘काय बाळ?’’

पोर जागच्या जागी उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. तिच्या पायांजवळ फरशीवर ओल पसरत गेली. सूनबाई ऋजुता तिला उचलून आत घेऊन गेली आणि कौस्तुभ पुसणं शोधायला गेला. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. डबा माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उलगडा झाला. ऋजुता साडेआठला ऑफिसला गेली. कौस्तुभ आतल्या खोलीत कानात इअरफोन घालून कामाला बसला. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर पडदा उजळला आणि त्यात मी उभा होतो. पंचेचाळिशीतला मी, जाकीट, उपरणं, सोनेरी काड्या.

‘‘बाळ, दूध गार होतंय,’’ हंबीरराव म्हणाले.

शाल्मलीनं पेला धरला. दोन्ही हातांनी.

‘‘तुझी आई आत्ताच लिफ्टनं खाली गेली. लिफ्ट माझं ऐकते, माहिती आहे ना? संध्याकाळी तिला वर आणायचं की नाही...’’

आणि त्यांनी चष्मा काढला. उपरण्याचं टोक घेतलं. पुसत राहिले. पोरीचे डोळे त्या काचांवर खिळलेले. चार सेकंद गेले असतील.

‘‘...ते मी ठरवतो.’’

तिनं पेला एका दमात रिकामा केला. पडदा मावळला. आतून कौस्तुभच्या फोनचा आवाज आला. मी जाऊन बघितलं. फोनवर लिहिलं होतं, ‘दूध संपलं. धाक ६८.’

‘‘हा काय नालायकपणा आहे?’’ मी विचारलं.

‘‘बाबा, मीटिंग चालू आहे.’’

‘‘तुझी मीटिंग गेली चुलीत. पोरीला तो काय सांगतोय, ऐकलंयस कधी?’’

त्यानं कानातला इअरफोन काढला. ‘‘मी फक्त वय टाकलं आणि ‘दूध’ टाकलं. ‘सौम्य’वर ठेवलंय. काय बोलायचं ते पात्र ठरवतं. पूर्वी एका पेल्याला तास जायचा, आता दोन मिनिटं लागतात. आणि धाकानं कोणी मरत नाही. मी मेलो का?’’

त्या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली. ‘‘काका, पात्र तुमचं नाहीये. चेहरा तुमचा आहे.’’ मी म्हणालो, त्या चेहऱ्याला बघून माझी नात चड्डी ओली करते. ती म्हणाली, ज्यांचं घर आहे त्यांनाच ते बंद करता येतं, तुमच्या मुलाशी बोलून घ्या. मी पडद्यावर टॉवेल टाकला. टॉवेलाच्या आतून हंबीरराव बोलतच राहिले आणि ते पोरीला जास्तच भयंकर वाटलं.

चार दिवस असे गेले. मी खोलीतून बाहेर आलो की शाल्मली टेबलाखाली जायची. मी काही आठवायला थांबलो, तिचं नाव घ्यायला, औषधाचं नाव घ्यायला, आणि सवयीनं हात चष्म्याकडे गेला, की तिचा श्वास वरच्या वर अडकायचा. आणि मी तर दिवसातून वीस वेळा विसरतो. ताटातला घास तिच्यापुढे धरला तर ती ओठ घट्ट मिटायची. म्हातारपणी माणसाला काय हवं असतं? मला एवढंच हवं होतं, की त्या पोरीनं माझ्या हातून एक घास घ्यावा.

गुरुवारी कौस्तुभ माझ्या खोलीत आला. पलंगावर बसला नाही, दारातच उभा राहिला.

‘‘बाबा, शालूला त्रास होतोय. रविवारी सकाळची गाडी आहे. तुम्ही सांगलीला जा. थेंब घालायला बाई लावून देतो.’’

‘‘म्हणजे यंत्र राहणार आणि बाप जाणार.’’

‘‘यंत्र दोन मिनिटांत बंद होतं,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही चोवीस तास असता.’’

असं बोलला माझा मुलगा. मी पलंगाखालची पिशवी ओढली आणि कपडे भरायला घेतले. माझ्या अंगाची आग झाली होती आणि तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती.

शुक्रवारी दुपारी शाळेतून आल्यावर शाल्मली टेबलाखाली जाऊन बसली. मी गेलो आणि टेबलाकडे पाठ करून खाली फरशीवर बसलो. गुडघे ओरडले. माझं तोंड तिला दिसत नव्हतं, तेवढंच मला तिच्यासाठी करता येत होतं.

‘‘शालू, तुला एक गुपित सांगतो. तुझ्या बाबालाही माहीत नाही. तो भिंतीवरचा चष्मा का पुसतो, ठाऊक आहे?’’

मी भडंगाचा डबा उघडून शेजारी ठेवला.

‘‘त्याला पुढचं वाक्य आठवत नाही म्हणून.’’

टेबलाखाली हालचाल झाली.

‘‘आम्हाला सकाळी नऊला कागद मिळायचे आणि दहाला कॅमेरा चालू. मला पाठांतर कधी जमलंच नाही. मग सोफ्यामागे मुळीक म्हणून एक माणूस कागद घेऊन बसायचा. मी विसरलो की चष्मा काढायचा. ते दिसलं की मुळीक मागून हळूच वाक्य सांगायचा, आणि मी तेच जोरात बोलायचो. सगळ्यांना वाटायचं, बाप रे, काय भयंकर माणूस आहे. मी आतून लटपटत असायचो, की मुळीक खोकायला बिकायला गेला नसेल ना.’’

मग पाठीमागून पहिल्यांदा आवाज आला.

‘‘रोज विसरायचात?’’

‘‘रोज.’’

‘‘मग तुम्हाला कोण ओरडायचं?’’

‘‘कोणी नाही. मुळीक होता ना.’’

ती मग म्हणाली, ‘‘आता करा. मी मुळीक.’’

मग मी भिंतीकडे तोंड करून हंबीररावांचा आवाज काढला, अगदी बारीक. ‘‘बाळ, या घरात माझ्या परवानगीशिवाय...’’ आणि चष्मा काढला. पाठीमागे श्वास अडकलेला मला ऐकू आला. मी पुसत राहिलो. वाट बघत राहिलो. मग कुजबुज आली, ‘‘पाल येत नाही.’’

‘‘पाल येत नाही,’’ मी गरजलो.

ती हसली. एकदाच, नाकातून, पण हसली. त्या दुपारी हंबीररावांनी परवानगीशिवाय पाल येऊ दिली नाही, चपला पळवल्या, शाळेतल्या बाईंच्या पर्समध्ये बेडूक ठेवला. शेवटी टेबलाखालून एक हात आला आणि माझ्याजवळच्या डब्यातलं भडंग घेऊन गेला.

शनिवारी सकाळी पडदा उजळला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. पोरीनं पेला अजून दोन्ही हातांनीच धरला होता. एका दुपारीत काय जाणार इतक्या महिन्यांची भीती?

‘‘लिफ्टची दोरी कुठून कापायची,’’ हंबीरराव म्हणाले, ‘‘ते मला...’’ आणि चष्मा काढला.

शाल्मलीनं माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. ओठ हलले. ‘‘माहीत नाही,’’ ती कुजबुजली.

हंबीररावांनी काचा उजेडाकडे धरल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खर्जातल्या आवाजात म्हणाले, ‘‘...माहीत नाही.’’

मग हळूहळू ध्यानात आलं. मालिकेच्या तयार भागांतून मुळीकचा आवाज कापलेला होता. पण यंत्र शिकलं होतं कच्च्या आवाजावर, आणि माझ्या जाकिटावरच्या माइकनं मुळीकची प्रत्येक कुजबुज टिपली होती. नऊ वर्षांत हजारो वेळा यंत्रानं हेच ऐकलं होतं, की चष्मा निघाला, मागून कोणी हळूच काही बोललं, की हंबीरराव तेच बोलतात. त्या हुशार पोरांनी माझा दरारा शिकवायला घेतला आणि माझं विसरणंही शिकवून बसले. कोणी कुजबुजलं नाही तर ते स्वतःचं वाक्य काढत होते. कुजबुजलं तर मुकाट ऐकत होते.

शाल्मलीनं ते दुसऱ्यांदा करून बघितलं, तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळेपासून हंबीरराव स्वतःचं वाक्य काढायचंच विसरले. आयतं मिळतंय म्हटल्यावर ते चष्मा पुसत नुसते वाट बघायला लागले. पोरगी खुर्चीवर उभी राहिली आणि दूध तसंच ठेवून खेळायला गेली.

मी कौस्तुभला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण रविवारची गाडी माझ्या डोक्यात बसली होती आणि त्याचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. मी काही संत नाही.

ती वेळ संध्याकाळी आली. चौघं जेवायला बसलो होतो. सकाळचं दूध राहिलं म्हणून कौस्तुभनं स्वतः पडदा लावला. ‘‘पेला संपल्याशिवाय उठायचं नाही,’’ तो पोरीला म्हणाला. ऋजुता म्हणाली, ‘‘आज राहू दे ना.’’ त्यानं ऐकलं नाही. त्याच्यापुढे त्याचाही ताकाचा पेला होता.

‘‘बाळ,’’ हंबीरराव म्हणाले, ‘‘पेला भरलेला दिसतोय. मला वाटतं, आता मला...’’

चष्मा निघाला. शाल्मली माझ्या खुर्चीमागे सरकली. मी गालातल्या गालात हसत होतो. ती कुजबुजली, ‘‘कौस्तुभ, दूध पी.’’

हंबीररावांची नजर टेबलावरून फिरली. कॅमेऱ्याला सगळेच चेहरे दिसत होते, आणि त्यांना नावाचा माणूस सापडला. चष्मा चढला.

‘‘कौस्तुभ,’’ ते म्हणाले. ‘‘बाळ. दूध पी.’’

माझ्या छत्तीस वर्षांच्या मुलानं पेला उचलला. दोन्ही हातांनी धरला. त्यात ताक होतं हेही त्याला कळलं नसावं. तो घटाघटा प्यायला लागला आणि ताक हनुवटीवरून शर्टावर गळत राहिलं. टेबलावर त्याचा फोन वाजला. माझ्या पुढ्यातच होता. ‘दूध संपलं. धाक ९४.’

शाल्मली हसायला लागली होती, ती थांबली. ऋजुता उठून त्याच्याजवळ गेली. त्यानं तिचा हात बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं.

‘‘आई म्हणायची, थांब, हंबीररावांना बोलावते,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही आतून यायचात. चष्मा लावून. शेजारचे पण यायचे बघायला.’’

मला आठवलं. तो पाच वर्षांचा होता आणि दुधाला त्रास द्यायचा. मी घरी कागद वाचत बसलेलो असायचो, बायको हाक मारायची, आणि मी जाऊन एक वाक्य टाकायचो. सगळे पोट धरून हसायचे. घरच्या घरी मी प्रयोग रंगवत होतो, असंच मला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

‘‘गंमत होती ती,’’ मी म्हणालो.

‘‘हो. सगळे हसायचे. मी चड्डीत करायचो तेव्हा पण हसायचे.’’ त्यानं शर्टानं तोंड पुसलं. ‘‘मी हा विकत घेतला तेव्हा मला यात काही चूक आहे असं वाटलंसुद्धा नाही, बाबा. घरात दूध असंच पाजतात, असं मला वाटत होतं.’’

मला बोलायचं होतं. शंभर वाक्यं होती, कामाचा ताण, तो काळ, तुझी आई. एकही धड नव्हतं. माझा हात चष्म्याकडे गेला. मी तो काढला. या वेळी सोफ्यामागे मुळीक नव्हता, मी खरोखरच रिकामा झालो होतो. पुसत राहिलो. खुर्चीमागून कुजबुज आली, ‘‘चुकलं म्हणा.’’

‘‘चुकलं,’’ मी म्हणालो.

कौस्तुभनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागच्या पोरीकडे.

‘‘हे तुमचं वाक्य की तिचं?’’

‘‘तिचं,’’ मी म्हणालो. खोटं बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.

‘‘मग परत म्हणा. या वेळी तिनं सांगायचं नाही.’’

शाल्मलीनं पुढे येऊन माझ्या गुडघ्याला टेकून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. चष्मा माझ्या हातात होता आणि मुलाचा चेहरा नुसता धूसर डाग दिसत होता. त्याची वाट बघण्याची तयारी होती. तो पाच वर्षांचा असल्यापासून वाट बघत होता.

‘‘माझं चुकलं, कौस्तुभ,’’ मी म्हणालो. ‘‘तू घाबरायचास ते मला दिसायचं. मला ते आवडायचं.’’

गाडीचं तिकीट त्यानं रद्द केलं नाही. मात्र त्यानं हात लांब करून माझ्यापुढचा डबा शाल्मलीकडे सरकवला, आणि तिनं त्यातलं मूठभर भडंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं, तोंड उघडलं आणि मी भरवायची वाट बघायला लागली.

भिंतीवर हंबीरराव पुन्हा चष्मा काढून पुसत उभे होते. त्यांना पुढचं वाक्य हवं होतं. आमच्यापैकी कोणीच दिलं नाही.